टॉवर नको, रेंज मात्र फुल हवी

सोसायटीच्या एजीएममध्ये दोन विषयांवर हमखास राडा होतो, एक पार्किंग आणि दुसरा गच्चीवरचा मोबाइल टॉवर. पार्किंगचं भांडण निदान खरं असतं, जागा कमी आणि गाड्या जास्त. टॉवरच्या भांडणात मात्र गंमत अशी की टॉवर काढा म्हणून सह्या गोळा करत फिरणारे आणि बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून कस्टमर केअरवाल्याला झापणारे बरेचदा तेच लोक असतात. त्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅन्सरची फॉरवर्ड टाकतं, कुणीतरी चिमण्या कुठे गेल्या म्हणून विचारतं, आणि कमिटीतले लोक भाड्याचा आकडा सांगायचं टाळत बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला मोबाइलच्या लहरींची खरंच भीती वाटते त्याने टॉवर जवळ मागायला पाहिजे, लांब नाही. हे बोललं की लोक आधी हसतात आणि मग चिडतात, तुला कंपनीकडून पैसे मिळतात का असंही विचारून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण फोनकडे रेडिओसारखं बघतो, म्हणजे टॉवर पाठवतो आणि फोन ऐकतो. पण फोन स्वतःसुद्धा एक ट्रान्समीटर आहे. तुमचा आवाज, तुमचा मेसेज, गुड मॉर्निंगचा तो फुलांचा फोटो हे सगळं फोनलाच टॉवरपर्यंत उलटं पोचवायचं असतं आणि त्यासाठी तो कानाला चिकटलेला असताना लहरी सोडत असतो. जुन्या जीएसएम (२जी) फोनची ९०० मेगाहर्ट्झवरची, म्हणजे सेकंदाला ९० कोटी वेळा कंप पावणाऱ्या लहरींवरची, कमाल ताकद २ वॅट होती (ती सलग नसायची, वेळेच्या आठ वाट्यांपैकी एकच वाटा एका फोनला मिळायचा म्हणून सरासरी पाव वॅटच्या आसपास), आणि आताच्या ४जी फोनची साधारण ०.२ वॅट. ही कमाल झाली. प्रत्यक्षात फोन किती जोर लावतो हे टॉवर ठरवतो. टॉवर त्याला सतत सांगत असतो की तुझं नीट ऐकू येतंय, आवाज कमी कर, किंवा येत नाहीये, वाढव. ३जीमध्ये तर ही सूचना सेकंदाला १५०० वेळा जायची. हे काही तुमच्या तब्येतीच्या काळजीने केलेलं नाही हं, एका फोनने विनाकारण जोर लावला तर बाकीच्यांच्या कॉलमध्ये खरखर होते आणि बॅटरीही लवकर संपते, म्हणून केलंय. पण परिणाम काय होतो बघा. गर्दीत पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला जसं ओरडावं लागतं आणि शेजारच्याशी कुजबुजलं तरी भागतं, तसं टॉवर लांब असला, मध्ये दोन बिल्डिंगा असल्या, लिफ्टमध्ये किंवा बेसमेंटमध्ये असलात की फोन ओरडतो. आणि ते ओरडणं चालतं तुमच्या कानापासून एका सेंटिमीटरवर. स्वीडनमध्ये हे मोजून बघितलंय, खेड्यात जिथे टॉवर विरळ होते तिथले फोन शहरातल्यापेक्षा जास्त वेळ फुल पॉवरवर चालत होते. फोन गरम होणं, बॅटरी भराभर उतरणं यामागे बरेचदा हेच असतं.

आता टॉवरच्या बाजूने हिशोब करू, गणित आठवीच्या पुढचं नाहीये. समजा एक अँटेना २० वॅटचा आहे. तो बल्बसारखा चहूकडे फेकत नाही, एका बाजूला दाबून पाठवतो, त्यामुळे समोर उभं राहिलेल्याला तो ५० पट म्हणजे १००० वॅटचा असल्यासारखा वाटतो. हजार वॅट ऐकून घाबरू नका. १०० मीटरवर ही शक्ती जेवढ्या मोठ्या गोलावर पसरते त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण सव्वा लाख चौरस मीटर. भागाकार करा, एका चौरस मीटरवर येते ०.००८ वॅट. अंतर दहापट केलं की हा आकडा शंभरपट खाली जातो. भारतात ९०० मेगाहर्ट्झसाठी मर्यादा आहे चौरस मीटरला ०.४५ वॅट. म्हणजे अगदी बीमच्या समोर, मध्ये भिंत नाही काही नाही, तरी आपण मर्यादेच्या पन्नासाव्या भागात आहोत. तीन-चार कंपन्यांचे दहा अँटेने एकदम तुमच्याच दिशेने धरले तरी मर्यादेच्या आत. दुपारच्या उन्हात हाच आकडा चौरस मीटरला १००० वॅटच्या घरात असतो, आणि त्या उन्हात अल्ट्राव्हायोलेटसुद्धा असतं ज्याने कातडीचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्याविरुद्ध कुणी सह्या घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि ही ०.४५ ची मर्यादा काही ढिली नाही. मर्यादा सुचवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयसीएनआयआरपी, तिने ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट सांगितले होते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्याचा दहावा भाग लागू केला. दहाच का, त्यामागे विज्ञान काय, तर फारसं काही नाही, लोक घाबरलेत म्हणून सरकारने एक शून्य कमी केला असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने भीती कमी झाली का? उलट लोक म्हणायला लागले की बघा, सरकारलाच माहितीये काहीतरी गडबड आहे ते.

आमच्याच गच्चीवर टॉवर, म्हणजे आमच्याच डोक्यावर मारा, हाही एक समज. अँटेनाचे ते उभे लांबट पांढरे खोके बघा, ते जवळजवळ आडव्या दिशेने, किंचित खाली झुकवून लहरी सोडतात, वरखाली त्यांचा पसारा जेमतेम सहा-सात अंशांचा असतो. त्यामुळे नेमकं टॉवरखाली फार कमी येतं, शिवाय मध्ये स्लॅब असतो. काळजी करायचीच तर समोरच्या, त्याच उंचीच्या, अगदी जवळच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्याने करावी, आणि म्हणूनच दूरसंचार खात्याने अँटेनाच्या तोंडासमोर किती अंतर मोकळं हवं ते ठरवून दिलेलं आहे, एका अँटेनाला २० मीटर, दोनला ३५, असं चढत जातं. म्हणजे ज्या सोसायटीत भांडण चाललंय तिला त्रास कमी आणि जिला भाडंही मिळत नाही त्या शेजारच्या सोसायटीने विचारायला पाहिजे, पण तिथे कुणाचं लक्ष नसतं. आणि ते गोल ढोलासारखं जे दिसतं ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, तो बिचारा मायक्रोवेव्ह डिश एका सरळ रेषेत पुढच्या टॉवरशी बोलत असतो, त्याची रेघ तुमच्या डोक्यावरून हवेतल्या हवेत जाते. जिथे फायबर पोचली तिथे त्याचीही गरज उरत नाही. तुमचा कॉल काही टॉवरवरून टॉवरवर उड्या मारत दिल्लीला जात नाही, पहिला टप्पा हवेतून, मग जमिनीखाली काचेच्या केसाएवढ्या तारेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या वेगाने, आणि शेवटचा टप्पा पुन्हा हवेतून.

आता मुख्य भीती, कॅन्सर. लहरी किती आहेत हा एक प्रश्न आणि एकेका लहरीच्या पुडक्यात, म्हणजे फोटॉनमध्ये, दम किती आहे हा दुसरा. एक्स-रे किंवा गॅमा किरणांचा एक फोटॉन रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतो, डीएनए तोडू शकतो. त्याला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनमध्ये ती जवळपास सात लाखपट कमी आहे. साध्या पिवळ्या उजेडाच्या फोटॉनपेक्षाही दीड लाखपट कमी. आणि कितीही दुबळे फोटॉन एकत्र आले तरी ते वर्गणी काढून डीएनएचा एक बंध तोडत नाहीत, फार तर ऊब निर्माण करतात. मायक्रोवेव्हमध्ये पाणी उकळतं ते त्याच ऊबेने, पण तिथे ८००-९०० वॅट एका बंद लोखंडी डब्यात कोंडलेले असतात. ज्या मर्यादा ठरवल्यात त्या ही ऊब शरीराला जाणवूही नये एवढ्या खाली आहेत.

मग जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०११ मध्ये या लहरींना संभाव्य कॅन्सरकारक म्हटलं ते काय, असं विचारणारे नेहमी भेटतात. म्हटलं, खरंय. २बी गटात टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. त्या गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे पण शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, एवढाच. आणि तो निर्णयसुद्धा मुख्यतः कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासावर होता, टॉवरशेजारी राहणाऱ्यांच्या नाही, हे फॉरवर्ड करणारे कधी सांगत नाहीत. त्यानंतर २०२४ मध्ये त्याच जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला, ६३ अभ्यास एकत्र बघून, आणि त्यात मोबाइलचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही, दहा वर्षं आणि जास्त वापरणाऱ्यांमध्येही नाही. स्वीडन, डेन्मार्क वगैरे देशांत कॅन्सरच्या नोंदी कित्येक दशकांच्या आहेत, तिथे मोबाइल शून्यावरून घरोघरी पोचले पण मेंदूच्या गाठींचा आलेख त्यामागे चढला नाही.

एक अभ्यास मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, अमेरिकेतला उंदरांचा, २०१८ चा. त्यात दिवसाला नऊ तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर मारा केलेल्या नर उंदरांत हृदयाच्या एका दुर्मिळ गाठीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मादीत तसं स्पष्ट दिसलं नाही. आणि गंमत म्हणजे मारा केलेले नर उंदीर न केलेल्यांपेक्षा जास्त जगले. यावरून मोबाइलने आयुष्य वाढतं असं कुणी म्हणणार नाही, तर मग अर्धाच निकाल उचलून पोस्टर का छापायचं? पुढचे अभ्यास चालू राहावेत, मुलांनी तासन्‌तास कानाला फोन लावू नये, हेडफोन वापरावा, हे सगळं मला मान्य आहे. पण नीट बघा, हे सगळं फोनबद्दल आहे. टॉवर लांब केला की नेमका हाच धोका, जो काही असेल तो, वाढतो. शाळेजवळ टॉवर नको म्हणून आंदोलन करणाऱ्या पालकांना मला हेच सांगायचं असतं की टॉवर लांब गेला की शाळेच्या गेटवर उभे असलेले तुमचे सगळ्यांचे फोन जोर वाढवणार.

कोर्टांनीही याबाबतीत लोकांना धड दिशा दिलेली नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर कॅन्सरच्या तक्रारीवरून बंद करायला सांगितला. मग २०२१ मध्ये जुही चावला ५जीविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली तर कोर्टाने तिलाच २० लाखांचा दंड लावला (ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी मध्येच तिच्या सिनेमातली गाणी म्हणायला लागलं होतं, ते वेगळंच), पुढच्या जानेवारीत तो २ लाखांवर आला. एकदा टॉवर बंद, एकदा तक्रार करणाऱ्याला दंड, सामान्य माणसाने यातून काय समजायचं? त्याच २०२१ च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट ५जीच्या चाचण्यांमुळे आली अशी अफवा एवढी पसरली की दूरसंचार खात्याला पत्रक काढावं लागलं की बाबांनो चाचण्या अजून सुरूच झालेल्या नाहीत.

चिमण्यांचंही थोडक्यात सांगतो. वाडे गेले, कौलं गेली, वळचणी गेल्या, अंगणात धान्य पाखडणं गेलं, पिल्लांना लागणारे किडे फवारणीने गेले. एवढं सगळं गेल्यावर टॉवरला धरून बसण्यात अर्थ नाही. पक्ष्यांवर रेडिओ लहरींचा काहीच परिणाम होत नाही असंही मी म्हणणार नाही, जर्मनीत २०१४ मध्ये दाखवलं गेलं की शहरी विद्युत गोंगाटाने रॉबिन पक्ष्यांचं दिशाज्ञान बिघडतं, पण ती फ्रिक्वेन्सी ५ मेगाहर्ट्झच्या खालची होती, मोबाइलच्या शेकडोपट खाली.

टॉवरच्या लहरींचा खराखुरा, मोजता येईल असा त्रास महाराष्ट्रात कुणाला होत असेल तर तो नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आकाशातून येणारे इतके क्षीण रेडिओ सिग्नल ऐकत बसलेल्या असतात की चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला तर तो त्यांना आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. तिथल्या शास्त्रज्ञांनी मोबाइलच्या गोंगाटाबद्दल कुरकुर केली तर ती शंभर टक्के रास्त आहे. पण तीही आपल्या तब्येतीबद्दलची नाही.

बरं, टॉवर एवढे लागतात तरी कशाला? १९९५ च्या ३१ जुलैला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे कॉल करणारे मोजके आणि टॉवरही मोजके. हवेतली फ्रिक्वेन्सी मर्यादित असते, ती काही कारखान्यात बनत नाही, लिलावात हजारो कोटी मोजून जेवढी मिळाली तेवढीच. मग तेवढ्यात कोट्यवधी लोकांना कसं बसवायचं, तर शहराचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक टॉवर, आणि तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची. सेल्युलरमधला सेल तो हाच, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९४७ सालीच मांडली गेली होती. ही युक्ती चालते ती टॉवरची ताकद कमी ठेवली तरच, कारण जास्त ठेवली तर पुढच्या सेलमध्ये घुसखोरी होते. म्हणजे टॉवर जितके दाट तितका प्रत्येकाचा जोर कमी. वरच्या फ्रिक्वेन्सीला गेलं की हे आणखी लागू होतं. ७०० मेगाहर्ट्झ भिंतीतून आत शिरतं, ३५०० ला भिंत जड जाते आणि २६ गिगाहर्ट्झला तर झाडाची पानंसुद्धा आडवी येतात. (असल्या मिलिमीटरवाल्या लहरी आज नवीन म्हणून विकतात, पण जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात त्याच लहरींनी लांबवरची घंटा वाजवून दाखवली होती.)

आणि टॉवर काढून टाकल्यावर पुढे काय होतं ते तर फारच भारी आहे. रेंज जाते. मग एखादा दुकानदार, एखादं हॉस्टेल, एखादा वरच्या मजल्यावरचा हौशी ऑनलाइन सिग्नल बूस्टर मागवून गच्चीत लावतो. परवान्याशिवाय हा बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कंपनीचा टॉवर मोजूनमापून बोलतो, हा बूस्टर मात्र जे ऐकू येईल ते, खरखरीसकट, मोठं करून टॉवरच्या कानात ओततो. आसपासच्या सगळ्यांचे कॉल तुटायला लागतात आणि सगळ्यांचे फोन जोर वाढवतात. तपासलेला, नोंद असलेला एक टॉवर घालवून आपण न तपासलेले पाच खोके आणले, याला विजय म्हणायचं का?

पण टॉवरला विरोध करणारे सगळे अडाणी आहेत असं मात्र मला अजिबात वाटत नाही, उलट त्यांचा राग बरोबर आहे, तो फक्त चुकीच्या जागी निघतो. तीस वर्षं जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर कित्येक टनांचा लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, केबिन चढवतात, स्ट्रक्चरल ऑडिट झालं का विचारलं तर कागद सापडत नाही. लाइट गेली की डिझेल जनरेटर सुरू होतो, रात्री दोन वाजता धडधड आणि धूर. परवानगी नसलेले टॉवर शहरोशहरी आहेत. भाडं किती, कुठल्या खात्यात जातं, लिकेजच्या कामाला वापरलं की नाही, हे मेंबरला विचारून कळत नाही. हे सगळे खरे, दिसणारे, मोजता येणारे प्रश्न आहेत. पण जनरेटरच्या आवाजाची तक्रार केली तर कुणी दाद देत नाही आणि कॅन्सर म्हटलं की नगरसेवक धावत येतो, पेपरवाले येतात, म्हणून लोक कॅन्सर म्हणतात. कंपन्यांनीही कधी सोसायटीत येऊन, चार तास बसून, मीटर हातात देऊन लोकांशी बोलायची तसदी घेतली नाही. रातोरात क्रेन आणायची आणि सकाळी टॉवर उभा, असं केल्यावर कोण विश्वास ठेवेल?

आणखी एक गोष्ट जी बोलली जात नाही. ज्या सोसायटीत वकील आणि रिटायर्ड अधिकारी जास्त तिथून टॉवर हलतो आणि जातो कुठे, तर मागच्या वस्तीत, चाळीच्या पत्र्यावर, जिथे जागेच्या मालकाला दोन पैसे दिले की विषय संपला आणि भाडेकरूंना कुणी विचारत नाही. टॉवर धोक्याचा आहे असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी तो गरिबाच्या डोक्यावर ढकलून निवांत झोपावं हे मला पटत नाही, आणि धोका नाही असं वाटत असेल तर हलवायचं कशाला?

सोसायटीने ठराव करायचाच असेल तर तो वेगळा करता येतो. दूरसंचार खात्याचं तरंग संचार नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे, त्यावर आपल्या भागातले टॉवर, त्यांच्यावर कुठल्या कंपनीचं काय आहे, मर्यादेत आहेत की नाहीत हे बघता येतं, आणि ४००० रुपये फी भरून मोजणीसुद्धा मागता येते. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत फ्लॅटमागे चाळीस रुपये. मोजणी गच्चीत आणि समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर दोन्हीकडे करून घ्या, रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावा. स्ट्रक्चरल ऑडिट दर काही वर्षांनी कंपनीच्या खर्चाने, हे भाडेकरारात घाला, जनरेटरऐवजी जास्त क्षमतेच्या बॅटऱ्या घाला, भाडं कुठल्या कामाला जाणार ते आधीच लिहून घ्या, नवीन अँटेना चढवायच्या आधी सोसायटीला लेखी कळवायचं हेही घाला. कंपनीला जागेची गरज आहे, शहरात मोक्याची गच्ची सहज मिळत नाही, त्यामुळे यातलं बरंचसं ती मान्य करते, फक्त मागणारा लागतो. आणि मोजणीत मर्यादा ओलांडलेली निघाली, तर तो रिपोर्ट हातात धरून मी स्वतः तुमच्याबरोबर दूरसंचार खात्यात यायला तयार आहे.